आमच्या घरातली आंटी

हुबळीत कुणाला आंटी म्हणावं याला काही धरबंध नाही. गळ्यात मंगळसूत्र दिसलं की आंटी, केसांत एक पांढरी बट दिसली की आंटी, नुसती पिशवी घेऊन भाजी निवडत उभी राहिली तरी आंटी. कोप्पीकर रोडच्या मागच्या गल्लीत आमचं मॅचिंग सेंटर आहे. साडीचे फॉल, अस्तर, ब्लाउजपीस, परकराचं कापड असलं सगळं. दिवसभर मी काउंटरला असते आणि दिवसभर मला हाका येतात. "आंटी, ई कलर फॉल ऐतेन्री?" म्हणजे या रंगाचा फॉल आहे का, असं विचारणारी बाई कधी कधी माझ्याहून दहा वर्षांनी मोठी असते. मी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळते आणि म्हणते, "ऐत्री, अज्जी." एकदा आजी करून टाकली की पुढच्या खेपेला ती मला मुकाट्याने अक्का म्हणते.

माझं माहेर गडहिंग्लज. माझ्या लहानपणी तिथे आंटी हा शब्द फक्त इंग्रजी शाळेतल्या पोरांच्या तोंडी असायचा. आमच्याकडे काकी, मामी, मावशी, आत्या. यातलं काहीही म्हटलं की ती बाई कुठल्या घरातली आणि त्या घरात तिचा मान काय, हे लगेच कळतं. आंटीला असं घर नसतं. ती कायम रस्त्यातच उभी असते, कुणाचीही आणि कुणाचीच नाही. म्हणून मला तो शब्द कधी आवडला नाही. आणि नेमका तोच माझ्या वाट्याला आला, तोही घरात.

माझं लग्न चौतिसाव्या वर्षी झालं. आधी पत्रिकेतला मंगळ आडवा आला, मग वडिलांचं दुखणं, मग लोकांनी विचारायचंच सोडून दिलं. हणमंतरावांचं हे दुसरं लग्न. पहिली बायको सुशीला आजारात गेली होती आणि मागे नऊ वर्षांची पल्लवी होती. जुन्या हुबळीतल्या त्या घरात मी माप ओलांडून आले तेव्हा पोरगी सोफ्याच्या कोपऱ्यात बसून फ्रॉकची लेस उसवत होती. माझ्या नणंदेने, मालतीताईंनी, तिला दंडाला धरून पुढे आणलं.

"पल्लवी, ही तुझी आई. आई म्हण बघू."

पोरीने भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. सुशीलाच्या फोटोला त्या दिवशी ताजा हार घातला होता. शेजारच्या नागव्वांना तिची दया आली असावी. त्या म्हणाल्या, "चिक्कव्वा अन्नवा." म्हणजे धाकटी आई म्हण. पोरीने नुसतीच मान हलवली. सगळ्या बायका तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या, आणि मग ती अगदी हळू म्हणाली, "आंटी."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, एक माझा सोडून. मी म्हटलं, "म्हणू दे की." ते अशा आवाजात म्हटलं की त्या घरात पुन्हा कुणी तो विषय काढला नाही.

पुढे एकदा मी पल्लवीच्या शाळेच्या डिक्शनरीत तो शब्द काढून बघितला. आईची नाहीतर वडिलांची बहीण, काकाची नाहीतर मामाची बायको. मी यातली कुणीच नव्हते. हणमंतरावांना दाखवलं तर ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "पुस्तकात काय, कायबी असतंय." आमचे हे असेच. घरात वीज पडली तरी आधी विचारतील, कुणाकडे पडली.

तशी पोरगी माझ्याशी कधी वाकडी वागली नाही. उलट आमचं रोज भांडण व्हायचं, आणि भांडण काय परक्याशी होतं का? "आंटी, तू वेणी फार घट्ट घालतीस." "घट्ट नाही घातली तर शाळेत पोचेपर्यंत सुटती. गप बस." आंटी म्हणायची आणि पुढे सरळ तू लावायची. सगळ्या हुबळीत आंटीला अगं-तुगं करणारी ही एकच पोरगी असेल. शाळेत पालकांची मीटिंग असली की मीच जायचे. एकदा बाईंनी विचारलं, मम्मी नाही आल्या का? पल्लवी म्हणाली, आंटी आलीय. बाईंनी मला शेवटच्या बाकावर बसवलं आणि प्रगतीपुस्तक दाखवायचं की नाही याचा बराच वेळ विचार केला. मी ते त्यांच्या हातातून ओढूनच घेतलं.

मला स्वतःचं मूल झालं नाही. होईल म्हणून काही वर्षं वाट बघितली, मग बघायची सोडली. आई म्हणून मला या जगात कुणी हाक मारलेली नाही आणि ते मला लागायचं. खोटं कशाला सांगू. शेजारच्या घरातलं पोर जिन्यावरून "आई गं" म्हणून ओरडलं तरी माझा हात क्षणभर थांबायचा.

पल्लवी बी.कॉम. झाली, विद्यानगरला एका सीएच्या ऑफिसात लागली, आणि मालतीताईंनीच तिचं स्थळ आणलं. मुलगा चेतन. धारवाडचं घर, मूळचे आमच्यासारखेच मिरजेकडचे, अमरगोळच्या मार्केट यार्डात मिरचीची अडत. मुलगा मोकळा, हसरा. पोरीला पसंत पडला आणि पोरगी त्यांना. बघण्याच्या कार्यक्रमाला त्याचे वडील आणि काका-काकू आले होते. आई, पद्माबाई, पुण्याला लेकीच्या बाळंतपणात अडकलेल्या. त्या यायच्या होत्या थेट साखरपुड्याला.

या लग्नात मला एकच गोष्ट हवी होती. कन्यादानाच्या वेळी बाप हात पुढे करतो आणि आई वरून पाण्याची धार धरते. ती धार मला धरायची होती. मी कुणाला बोलले मात्र नव्हते. मागून घेतलेल्या मानाला काय चव असते? शिवाय पल्लवीचे मामा-मामी मिरजेला असतात. आईविना वाढलेल्या पोरीचं कन्यादान मामा-मामींनी केलं तर बरं दिसतं, असं दोन-चार जणांनी बोलायला सुरुवात केलीच होती. हणमंतराव ऐकून घेत होते. हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. मी मनात म्हणायचे, पोरगी काय म्हणते ते बघू. आणि पोरगी काही म्हणत नव्हती.

साखरपुड्याच्या दिवशी हॉलमध्ये मी सकाळपासून पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरत होते. सुपारीची ताटं, पाहुण्यांचा चहा, भटजींना हवी असलेली आणि कुठेच न सापडणारी आंब्याची डहाळी. मालतीताई नवी इरकल नेसून पुढच्या खुर्चीवर बसलेल्या. पल्लवी पाटावरून मला हाका मारत होती, "आंटी, माझी पिन सुटली. आंटी, पाणी दे." मी पिन लावली, पाणी दिलं. पद्माबाई समोरच बसल्या होत्या आणि सगळं बघत होत्या. ठेंगणी, गोरी बाई, चेहरा हसरा.

सुपारी फुटली. मग मुलाच्या आईने विहिणीची ओटी भरायची असते. पद्माबाई साडी, खण, नारळ असं सगळं ताट घेऊन उठल्या. मी हातातली कुंकवाची कोयरी खाली ठेवली, हात पुसले, पदर सारखा केला. त्या चालत आल्या आणि माझ्या अंगावरून पुढे जाऊन मालतीताईंसमोर उभ्या राहिल्या.

मालतीताई गांगरल्या. पण समोरून नारळ पुढे आला की आपोआप पदर पसरला जातो, बाईच्या जातीला ती सवयच असते. आणि पदरात पडायला लागलेली ओटी मध्येच थांबवायची नसते, अपशकुन होतो म्हणतात. पाच मुठी तांदूळ पडेपर्यंत कुणी तोंड उघडलं नाही. हणमंतराव भटजींच्या डोक्यावरच्या पंख्याकडे बघत होते. पल्लवी पाटावर बसलेली, तिने मान वर केली तेव्हा ओटी भरून झाली होती.

मग पद्माबाई माझ्याकडे वळल्या. मला हळदीकुंकू लावलं, प्रेमाने हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "तुम्ही फार केलंत हो पोरीचं. आजकाल शेजारी कोण एवढं करतंय?" आणि माझ्या हातावर एक ब्लाउजपीस ठेवला. गुलाबी, पॉलिस्टर मिसळलेला, पहिल्याच धुण्यात रंग सोडणारा. असले पीस आमच्या दुकानात गठ्ठ्याने येतात.

त्यांचा दोष नव्हता. मुलीची आई गेलेली आहे हे त्यांना माहीत होतं. घरातली कर्ती बाई म्हणजे जिने स्थळ आणलं ती आत्या, असा त्यांनी हिशेब केला. आणि जिला पोरगी आंटी, आंटी म्हणतेय ती शेजारची, दुसरी कोण असणार? त्यांच्या जागी मी असते तर मीही तसंच समजले असते. हे सगळं मला त्याच वेळी कळत होतं, आणि तरी माझे कान असे तापले होते की त्यावर पापड भाजून निघाले असते.

संध्याकाळी मालतीताई ओटीची साडी घेऊन आमच्या घरी आल्या. डोळ्यांत पाणी. "वहिनी, हे तुमचं हाय. मला काय सुचलंच न्हाई त्या वेळेला." मी म्हटलं, "ज्याच्या पदरात पडलं त्याचं ते. न्या परत." त्या गेल्यावर मी हणमंतरावांपुढे उभी राहिले.

"कन्यादानाला मिरजेच्या मामा-मामींना बसवा. मी स्वयंपाकघराकडे बघते."

"आता यात काय एवढं..." ते म्हणाले.

"एवढं काय नाहीच. शेजारचीच आहे मी. शेजारची बाई स्वयंपाकघर बघती, कन्यादानाला बसत नाही."

बोलून वळले तर दारात पल्लवी. तिने ऐकलं होतं. मला वाटलं आता काहीतरी म्हणेल. तिने आत जाऊन चहाची भांडी घासायला घेतली. नळाचा आवाज बराच वेळ येत होता. मला तिचा राग आला. त्याहून जास्त स्वतःची कीव आली, आणि कीव मला मुळीच सोसत नाही.

पुढचे काही दिवस घरात कामापुरतं बोलणं. "आंटी, डबा?" "ओट्यावर आहे." "आंटी, येते." "ये." ती हाक मारायची थांबली नाही, आणि प्रत्येक हाकेला मला तो गुलाबी पीस आठवायचा.

मालतीताईंनी धारवाडला फोन करून खरं काय ते सांगितलं असावं. कारण रविवारी दुपारी, दुकानात गिऱ्हाईक तुरळक असताना, पद्माबाई एकट्याच आल्या. धारवाडहून चिगरी नावाच्या सिटी बसने आल्या होत्या. दुकानाच्या तीन पायऱ्या त्यांनी कठड्याला धरून, एकेक थांबत चढल्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, ते मला तेव्हा कळलं. सुट्टी म्हणून पल्लवीही दुकानात होती, स्टुलावर बसून फॉलच्या घड्या घालत होती. ती पटकन उठली, त्यांना हात दिला, खुर्ची दिली, पाणी दिलं.

पद्माबाईंनी पाणी संपवलं आणि थेट माझ्याकडे बघितलं. "चुकलं बगा माझं. पोरगी आंटी आंटी म्हणून हाक मारत होती. मला वाटलं, शेजारच्या असतील. घरी कुणीतरी सांगितलंबी असंल, पण मी पुण्यात बाळंतिणीच्या मागं. कानात शिरलंच न्हाई."

माफी मागायला एवढ्या पायऱ्या चढून आलेल्या बाईशी मऊ बोलावं, एवढं मला कळतं. पण जीभ ऐकली तर ना. "तुमचं काय चुकलं?" मी म्हटलं. "हाकच तशी आहे. आणि कन्यादानाला मामा-मामी बसणार आहेत. पुढच्या वेळी ओटी त्यांची भरा, म्हणजे घोळ नको."

पल्लवीचे हात घडीवर थांबले. पद्माबाईंचा चेहरा उतरला. बोलणं कुठेतरी दुसरीकडे न्यावं म्हणून त्या पल्लवीकडे वळल्या.

"हे बग पोरी, तू मलाबी आंटीच म्हण. आई म्हणायची काय बळजबरी न्हाई. माझी थोरली सूनबी आंटीच म्हणती. मला त्याचं काय वाईट वाटत न्हाई."

"नको," पल्लवी म्हणाली. "तुम्हाला मी आईच म्हणते."

सोळा वर्षं मी त्या पोरीच्या वेण्या घातल्या, ताप मोजले, परीक्षेच्या पहाटे तिच्याबरोबर उठून बसले. आणि जिच्या हातचा चहासुद्धा अजून तिने प्यायला नव्हता, त्या बाईला ती एका दमात आई म्हणत होती. मी गल्ल्याकडे तोंड फिरवलं आणि नसलेली मोड शोधायला लागले.

"आई म्हणायला मला काय जड नाही," पल्लवी मागे बोलतच होती. "पण आंटी नको. आंटी एकच आहे. ते मी दुसऱ्या कुणाला म्हणणार नाही."

पद्माबाईंना काही उमगलं नाही. मलाही नाही. "म्हणजे गं?" त्यांनी विचारलं.

पल्लवी हातातली घडी पुन्हा उलगडत, पुन्हा घालत बोलत राहिली. माझ्याकडे बघत नव्हती.

"आई गेली ना, तेव्हा मी रात्री उठून बसायची आणि आई म्हणून हाक मारायची. कुणीच यायचं नाही. अप्पांना ऐकू यायचं, पण ते यायचे नाहीत. त्यांना रडू यायचं, ते मला दिसू नये म्हणून. मग मी तोंडावर पांघरूण घेऊन झोपायची. नंतर ही आली. सगळे म्हणाले, हिला आई म्हण. मला वाटलं, हिला पण आई म्हटलं तर ही पण येणार नाही. म्हणून आंटी म्हटलं." तिने घडी बाजूला ठेवली. "आणि आंटी म्हटलं की ही यायची. दर वेळेला. काय गं, झोपू देत नाहीस, काय भूत बघितलंस का, असं काय काय बडबडत यायची. पण यायची. मग मला तो शब्द बदलायची भीती वाटायला लागली. अजून वाटती."

मला रडू आलं. गिऱ्हाइकांच्या देखत, भर दुकानात. मी ते लपवायला गेलेही नाही. पल्लवी उठून गल्ल्यापाशी आली आणि माझ्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. अशी ती लहानपणी, मी भांडी घासताना ओट्यापाशी उभी राहायची.

"आणि कन्यादानाला तू बसणार आहेस," ती म्हणाली, आता तिच्या नेहमीच्या भांडखोर आवाजात. "मिरजेला फोन करून मी मामींना सांगितलं. त्या म्हणाल्या, आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं, लोकच बोलत होते. स्वयंपाकघर बघायला केटरर आहे. पाण्याची धार तू धरायची. आणि उगाच भटजींशी भांडायचं नाही."

"मी कधी भांडते?" मी म्हटलं, आणि नाक पुसलं.

पद्माबाईंनी डोळ्यांना पदर लावला होता. मग खुर्चीचा हात धरून त्या उठल्या, पल्लवीपाशी आल्या आणि तिच्या गालावरून हात फिरवला.

"बरं, आंटी त्यांनाच राहू दे," त्या म्हणाल्या. "मला आईच म्हण. आणि रात्री-अपरात्री कधी हाक मारलीस, तर मी येईन. गुडघ्यामुळं जरा वेळ लागंल, पण येईन."